साडेसतरा हजार

रुवैसला शटडाऊन लागलं की रात्र उरत नाही.
फ्लडलाइट, आणि परांचीवर मी, कमरेला पट्टा,
हातात पिस्तूल, केस सुकवायच्या यंत्राएवढं,
पण त्यातून एक्स-रे निघतो.
पाइपाला टेकवायचं, घोडा दाबायचा, दहापर्यंत मोजायचं.
पाइप आपलं नाव सांगतो.

मिस्बाह बारावीला आहे, खेडच्या कॉलेजात.
तिला हे सांगितलं तर म्हणाली,
"अब्बा, तुम्ही आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवता.
जागा रिकामी झाली की वरचा खाली पडतो.
पडताना जेवढं टाकतो, तेवढंच तुमचं मशीन वाचतं."
बावीस वर्षं घोडा दाबतोय.
आत कुणी पडतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

लोखंड: सहा हजार चारशे इलेक्ट्रॉन-व्होल्ट.
कोरियातून आलेलं असो की अलंगला फोडलेल्या जहाजाचं,
सहा हजार चारशे, घासाघीस नाही.
क्रोमियम पाच हजार चारशे,
निकेल साडेसातच्या जरा अलीकडे.
त्यांना गेटवर बताका लागत नाही.

"पण वरून खाली येताना मधे कुठे असतो?"
फोनमध्ये थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
"मधे नसतो."
"म्हणजे?"
"इथे किंवा तिथे. मधल्या पायऱ्याच नाहीत."
समजलं, मी म्हटलं, विमानासारखं.
अबूधाबीला बसलो, मुंबईला उतरलो,
मधले तीन तास कुठल्याच गावाचे नाहीत.
"चूक. विमान समुद्रावर असतं. खिडकीतून दिसतं."
मग ग्रहांसारखा, सूर्याभोवती?
"ते चित्र जुनं. आता ढग काढतात.
दाट असेल तिथे सापडायची शक्यता जास्त."
म्हणजे ऑगस्टात फ्लेअरभोवती धरतं तसलं धुकं?
"ते पाण्याचं, अब्बा.
हा ढग कशाचाच नाही. नुसत्या शक्यतेचा."

तीन चुकल्यावर माणूस हट्टाला पेटतो.
मी तिला कॅम्पातली खोली सांगितली.
आधी खालचे पलंग जातात.
एका उंचीचे पलंग असले, की जो तो आधी एकटाच पसरतो.
कॅम्प-बॉस ओरडला, तरच दुसरा येतो,
आणि तोही उलट्या शिफ्टचा.
एका गादीला दोघं. तिसरा कधीच नाही.

ती इतकी गप्प, मला वाटलं रेंज गेली.
"हे लिहून घेते," म्हणाली,
"पण स्पिन म्हणजे शिफ्ट नव्हे हं.
ते दोघं एकाच वेळी घरी असतात."
मग हळूच,
"तुम्ही एका गादीवर दोघं झोपता?"

हे सांगायचं नव्हतं.

दुसऱ्याचं नाव लॉकरवर आहे, सेल्वरासू.
सात आठवडे झाले, मी त्याला पाहिलेला नाही.
बसच्या दारात कुणी उतरतं, कुणी चढतं,
हेल्मेटखाली सगळे सारखे.
उशी गरम सापडते, लवंगेचा वास येतो.
एकदा मी उशीखाली दोन खजूर ठेवले.
दुसऱ्या दिवशी दोन बिया होत्या,
बिलाच्या कागदात नीट गुंडाळून.

काल पहाटे तीनला एका एल्बोवर घोडा दाबला.
लोखंड आलं. क्रोमियम आलं. निकेल आलं.
साडेसतरा हजारावर रेघ सपाट.
मॉलिब्डेनम नाही.
शिक्का तीनशे सोळाचा, माल तीनशे चारचा.
पुन्हा टेकवलं, या वेळी वीसपर्यंत मोजलं.
सपाट.
दिसायला तो बाकीच्यांसारखाच होता, जरा जास्तच चकचकीत.
लाल खडूने फुली मारली.
फोरमनने माझ्या सात पिढ्या काढल्या,
तीन दिवसांचं वेल्डिंग कापायला लागणार म्हणून.
मी ग्राफ दाखवला.
तिथे काही नाही, तो म्हणाला.
तेच तर, मी म्हटलं.

सात वाजता बस. उशी गरम होती.
मिस्बाहचा मेसेज:
अब्बा, खोलीत पलंग सहा आहेत की बारा?

अजून उत्तर दिलेलं नाही.